दादानं भरलेला फॉर्म

अरे, दादाचा तेरावा झाला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लवळ्याच्या कॉलेजातली एक पोरगी घरी आली. ती रोज दादाच्या रिक्षानं जायची. कोणाला माणसं किती ओळखता येतात, याचा तिचा अभ्यास चालला होता. त्यासाठी दादानं भरलेला फॉर्म ती आम्हाला आठवण म्हणून द्यायला आली होती.

‘समोरच्याच्या मनातलं मला कळतं’ यापुढं दादाची खूण ‘कधीच नाही’वर. सगळ्या प्रश्नांना तेच. माझं डोकंच फिरलं.

“फाडा हे! माझा भाऊ येडा हुता व्हय?”

“मागं मी कॉलेज सोडून निघाले होते,” ती म्हणाली. “कोणाला सांगितलं नव्हतं. यांनी वाटेतच रिक्षा थांबवली. म्हणाले, ‘ताई, आदी रडून घ्या. मी थांबतो.’ तासभर थांबले.”

“मग असं का लिवलं त्यानं?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, ‘घरातल्या धाकट्याच्या मनात काय हाय, ते मला कळत न्हाई. मग दुसऱ्याचं कळतं म्हणून कसं लिवू?’”

तो धाकटा मीच. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आणि एवढा मोठा माणूस माझ्यापायी स्वतःला नापास करून बसला होता.