डबल टेक

(बोईसर. दवाखान्यातल्या शवागाराबाहेरचा बाक. दांडी या मच्छीमार गावची जमना आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी रिद्धी. थोड्या अंतरावर चौकशीचे साहेब फोनवर.)

जमना: माजा पोर जाळला ह्यांनी, आनि खोटी मी. कंपनीला कोन इचारत नाय, टाकी का फुटली. मला इचारतात, बाई, तू आदी 'माजा नाय' का बोललीस.

रिद्धी: आये, हळू. साहेब तिकडंच उभे हायत.

जमना: ऐकू दे. काल तो दुसऱ्या साहेबाला इंग्लिशमदी काय बोलला? बोलला आनि दोगं हसले.

रिद्धी: काय नाय. सोड ना.

जमना: डबल टेक. रातभर तोंडात धरून ठेवलाय मी तो शब्द. सांग. तुला शिकवलं कशाला?

रिद्धी: म्हणजे... मानूस एखादी गोष्ट बगतो, त्याला काय वाटत नाय, नजर पुढं जाते. मग डोक्यात येतं, आपन काय बगितलं. तशी मान झटक्यात मागं फिरते. उशिरा दचकतो. त्याला डबल टेक म्हणतात.

जमना: कुटं म्हणतात? कोर्टात?

रिद्धी: सिनेमात. जास्त करून हसवायच्या. नवरा घरी येतो, खाटेवर वाघ बसलेला. हा चपला काढतो, चहा मागतो, आनि मग मान वळवतो. लोक हसतात.

जमना: हां. म्हंजे मी ह्यांना हसवलं.

रिद्धी: तसंच नाय गं. साध्या बोलण्यात पन वापरतात. बाजारात जुनी मैत्रीन दिसली, पुढं गेल्यावर वळखली, तरी डबल टेकच.

जमना: आनि आपला पोर दिसला तर? त्याला पन तोच शब्द? येवड्या मोठ्या इंग्लिशमदी दुसरा नाय?

रिद्धी: मला नाय म्हायत.

जमना: मग कसली शिकलीस.

रिद्धी: आये, एक इचारू? रागावू नको. तू पयल्यांदा 'आपला नाय' का बोललीस?

जमना: तोंड झाकलेलं. आतला मानूस बोलला, मावशी, तोंड नका बगू. मी बोलली, हात दाव. आपल्यात हात बगितला का मानूस कळतो. तुज्या बापाचा हात काळोखात दिला तरी वळखीन मी, दोरानं चिरून चिरून लाकूड झालेला. आपला अनुज पन मिसरूड फुटायच्या आदीपासून होडीवर. मी तसा हात शोदत व्हती. त्यानं चादरीतनं काढला तो मऊ. पिवळा. नखात पन पिवळं. मी बोलली, हा आमच्यातला नाय.

रिद्धी: मग?

जमना: मग बरं वाटलं मला. दुसऱ्या बाईचा मेला, माजा नाय. तुला सांगते रिद्धी, असं बरं जल्मात वाटलं नवतं.

रिद्धी: दोन वरसं रंगाच्या कंपनीत होता तो, आये. हात पिवळेच होते त्याचे.

जमना: घरी यायचा तवा मला कसे नाय दिसले?

रिद्धी: चमच्यानं जेवायचा.

जमना: त्याला मी हसायची. साहेब झाला काय रे, बोलायची. मावऱ्याचं, माशाचं आंबट करायची, भाकर करायची, आनि हा चमचा मागायचा.

रिद्धी: तुला हात दिसू नयेत म्हणून. मला बोललेला, आयेला सांगू नको, परत होडीवर बसवंल.

जमना: त्याच्यापायी व्हता तो चमचा?

रिद्धी: रडू नको ना.

जमना: बसवलाच असता. कान धरून बसवला असता.

रिद्धी: पानी घे जरा.

जमना: नको. नाय बोलून मी दारापरयंत आली व्हती. चादर तोकडी, पाय भाईर. मी बगितले आनि पुढं गेली. उंबऱ्यात पाय ठेवला तवा आतनं काय तरी वर आलं. घोट्यावर पाकट माशाच्या काट्याचा वन. ल्हान व्हता, चिखलात पाकटावर पाय पडला, शेपटीचा काटा आरपार. मी ऊन पान्यात धरून बसली व्हती तो पाय, तो रडायचा थांबंस्तवर. त्या पायाला मी नाय कशी बोलू?

रिद्धी: बाबांचा फोन आलेला. अजून गावातली एक पन होडी दर्यात गेली नाय. चिंधूकाकांनी होडीत भरलेला बर्फ वितळला, तरी बोलतात, अनुजला अग्नी दिल्याबिगर दोर सोडायचा नाय.

जमना: सगळा किनारा बसलाय माज्या पोरासाटी. हा येकटा उबा हाय, फोन घेऊन.

साहेब: मावशी, अजून इथेच? सांगितलं ना, डीएनए चाचणीचा रिपोर्ट आल्याशिवाय बॉडी देता येणार नाही.

रिद्धी: कधी येईल सर?

साहेब: लागतील काही आठवडे. तुमच्या आईनेच सगळ्यांसमोर आधी नाही म्हटलं, मग हो. मी काय खरं धरायचं?

जमना: आदी हात बगितला. मग पाय.

साहेब: असे वण पुष्कळांना असतात, मावशी. अशा वेळी माणूस काहीही ओळखतो.

जमना: चला आत. दावते.

साहेब: मला बघायची गरज नसते. फोटो येतात माझ्याकडे.

जमना: काल पन तुमी दारातच व्हते. नाकाला रुमाल लावून.

साहेब: हे बघा, प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते.

जमना: मला दोनदा बगावं लागलं. त्याला तुमी हसले. हसा, पोराचा हात न वळखणारी आय हाय मी. पन येक सांगा साहेब. तुमी त्याला येकदा तरी बगितला काय?