नातीचे स्थळ आणि कृष्णद्रव्य

त्या सावळ्याला वंदन करून सांगतो. घोलवडला आमच्या घरी नातीला पाहायला मुलगा आला होता. काय करता, असे विचारताच तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, मी कृष्णद्रव्य शोधतो."

मी जन्माचा कीर्तनकार; आमच्या अभंगांत द्रव्य म्हणजे पैसा, आणि हा तर काळा. माझ्या डोळ्यांपुढे गुजरात सीमेवरचा, चोरटा माल पकडणारा अच्छाडचा तपासणी नाकाच उभा राहिला.

"कुठे शोधता?"

"जमिनीखाली, खोल खाणीत."

"म्हणजे पुरलेले. सापडले का?"

"अजून कोणालाच नाही. ते दिसतच नाही."

"मग आहे हे कशावरून?" मी दरडावून विचारले.

"ओढीवरून, आजोबा. आकाशगंगा इतक्या वेगाने फिरतात, तरी विखुरत नाहीत. न दिसणारे काहीतरी त्यांना धरून आहे. तेच हे कृष्णद्रव्य, डार्क मॅटर."

मी आत जाऊन पत्नीला म्हणालो, "मुलाचे लक्षण ठीक नाही. कधी न दिसलेल्या कृष्णामागे लागला आहे. अशाने संसार होतो का?"

चिकू चिरता चिरता ती म्हणाली, "अहो, तुम्ही तरी जन्मभर दुसरे काय केलेत? माझ्या बाबांनी मुलगी दिलीच की."

तीच न दिसणारी ओढ तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घरादाराला धरून ठेवो.