डावा कान

मावशी : आधी यंत्राचं हे कानात घालायचं रबराचं टोक हातात घे. घे म्हणते ना!

भाची : मळ आहे त्याला.

मावशी : पिवळा, घट्ट, जुना मळ. शी! दोन दिवसांच्या बाळाच्या कानात असला मळ असतो? आणि टोकाचं माप बघ. मोठ्या माणसाचं आहे. बाळांच्या कानतपासणीच्या खोलीत याचं काय काम?

भाची : यंत्र चालतंय का बघायला मी कधी कधी स्वतःच्या कानात घालते. सगळेच घालतात, मावशी.

मावशी : घालावंच. मीच शिकवलंय तुला. पण मग यंत्रातून निघणारा कागद स्वतःच्या नावावर काढायचा. हे मोज. एकेचाळीस कागद, दोन वर्षांतले. वर बाळाचं नाव, खाली ‘पास’.

भाची : यंत्र पास म्हणालं, मी पास लिहिलं.

मावशी : यंत्र बिचारं काय करणार? जो कान दिला तो त्याने ऐकला. मला अक्कल शिकवू नकोस. आवाज आत गेला की कानातल्या केसाळ पेशी हलायला लागतात, तो आवाज वाढवतात, आणि त्या धांदलीत थोडासा आवाज कानातून परत बाहेर येतो. तोच आपण पकडतो. चांगल्या कानाच्या बाळाचा हा परतीचा आवाज कसा खणखणीत असतो. हे सगळे बघ, मिणमिणते. आपल्यासारख्या मोठ्यांचे.

भाची : काही बाळं अशक्त असतात.

मावशी : थापा पुरे! मग हा उंचवटा? प्रत्येक कागदावर, अगदी त्याच जागी. हा कान बाहेरून आवाज न देताही आपणहून बारीक शीळ घालतो. उजव्या कानाच्या रकान्यातसुद्धा हाच. कुणाचा आहे?

भाची : असेल कुणाचा तरी.

मावशी : तू सात वर्षांची होतीस. माझं शिक्षण चालू होतं. मांडीवर घेऊन पहिल्यांदा यंत्र लावलं ते तुझ्या डाव्या कानाला. साऱ्या वर्गाला दाखवत फिरले, आमच्या पोरीचा कान गातो म्हणून. केवढं कौतुक होतं मला त्या कानाचं! आज बघवत नाही तो.

भाची : पहिलं बाळ फार किंचाळत होतं गं. तीनदा लावलं, तीनदा नापास. त्याची आई हमसाहमशी रडायला लागली. म्हटलं, कानात जन्मावेळचं काही चिकटलेलं असेल, पुढच्या खेपेला नीट बघू. तेवढ्यापुरतं...

मावशी : पहिलं दयेपोटी, मान्य. आणि चाळिसावं?

भाची : बाहेर दहा-बारा जणी ताटकळत असतात. एकेक बाळ झोपेपर्यंत थांबायचं. कंटाळा आला होता.

मावशी : कंटाळा! ओकारी येते मला ऐकून. माझ्या शब्दावर घेतलं तुला इथे.

भाची : हजारात दोन-तीनच बाळांना ऐकू येत नाही, तूच सांगायचीस. म्हटलं, एकेचाळिसात कुठलं निघतंय?

मावशी : निघालं. बाहेर बाकावर आईच्या किल्ल्या चावत बसलंय. वीस महिन्यांची मुलगी. आज सकाळी दोन्ही कान दोनदोनदा तपासले मी. परतीचा आवाज नाही, पुढच्या तपासण्यांतही काही नाही.

भाची : तू सांग ना तिच्या आईला. माझ्याच्याने नाही होणार.

मावशी : खोटं बोलायला जमलं ना एकेचाळीस वेळा? मग खरं एकदा बोल. उरलेल्या चाळीस घरांना फोनही आजच करायचेत, तेही तूच. डोळे पूस. रडून दाखवू नकोस तिला. या हो, आत या!

बाळाची आई : झालं का, मॅडम? मी म्हणतच होते, कानांत काही दोष नाही. हा बघा जन्मल्यावरचा कागद. प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय.

मावशी : बसा. ही माझी भाची. हिला तुमच्याशी बोलायचंय.

भाची : ताई, हा कागद तुमच्या मुलीचा नाही. नाव तिचं आहे, पण कान माझा आहे. तिचा कान मी तपासलाच नव्हता.

बाळाची आई : म्हणजे?

भाची : तिला ऐकू येत नाही, ताई. तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं.

बाळाची आई : असं कसं? हाक मारली तरी वळत नाही ही. सासूबाई पहिल्यापासून म्हणतात, पोरीला ऐकू येत नाही. मीच भांडते त्यांच्याशी. हा कागद नाचवते त्यांच्यापुढे. कान चांगले आहेत, पोरगी हट्टी आहे म्हणून.

मावशी : यात तुमची चूक नाही. आजपासूनच उपचार सुरू करू आपण.

बाळाची आई : ऐकून न ऐकल्यासारखं करते म्हणून मी तिला मारते हो, मॅडम.

मावशी : तुम्हाला माहीत नव्हतं.

बाळाची आई : कालसुद्धा मारलं.