खांबापलीकडचं ‘नये’

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे आणि स्टुडिओचे मालक, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या तमाम सहकाऱ्यांनो,

आज आपले पेंटरमामा निवृत्त होताहेत. मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मी पडलो दिग्दर्शक, तेव्हा ती किती लांबतील ते तुम्ही जाणताच.

आमचा पहिला सिनेमा आठवतो? हसायलासुद्धा सरकारी परवाना लागतो, अशा राज्याची गोष्ट. मामांनी सेटवरच्या परवाना-कचेरीला असा राखाडी रंग दिला, की जेवणाच्या सुट्टीतही सेटवर कोणी मोठ्यानं बोलेना. छत मुद्दाम बुटकं, म्हणजे कारकून आपोआप वाकून चालतील. साहेबांची खुर्ची मात्र एवढी उंच, की बिचाऱ्याचे पाय लोंबकळायचे. प्रेक्षक आधी हसले आणि मग गप्प झाले. व्यंग म्हणजे दुसरं काय असतं हो?

साहेबांच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून हवं होतं, ‘प्रश्न विचारू नये’. सकाळी येऊन बघतो तर भिंत संपली, खांब आला, आणि ‘नये’ गेलं खांबापलीकडे, बाजूच्या भिंतीवर. परवान्याच्या रांगेतून दिसत होतं फक्त ‘प्रश्न विचारू’. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी या वडीलधाऱ्या माणसाला नाही नाही ते बोललो. मामांनी ब्रश पुसला आणि म्हणाले, "साहेब, रांगेतल्या माणसाला ‘विचारू’ दिसू द्या. ‘नये’ खुर्चीवाल्याला दिसलं म्हणजे झालं."

तसंच चित्रीकरण केलं. पुढे त्याच दृश्याचं कोण कौतुक झालं, बक्षीस मिळालं. मुलाखतीत विचारलं, ही कल्पना कोणाची? मी म्हणालो, माझी. मामी सांगतात, मामांनी ती मुलाखत दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बावीस वर्षं मी त्यांच्याशी रोज हसून बोलतोय आणि मनातून ओशाळतोय.

तर मंडळी, ती कल्पना पेंटरमामांची होती. आजही बोललो नसतो, तर पुन्हा संधी नव्हती; उद्यापासून इथे मामा भेटणार नाहीत.

सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या मुलाखतीचं मात्र सभेनं माफ करून चालणार नाही. मामा, ती माफी तुमच्याकडे मागतो.