कोणाशी अबोला हाये का?

आमी मूळचे मौद्याकडचे. म्हणजे माहा आजा तठचा, तो मिशनच्या दवाखान्यात बैलगाडी हाकलत होता अन् तठीच त्यानं बाप्तिस्मा घेतला, काहून घेतला कसा घेतला ते मले नका विचारू, मी तवा जन्मलीच नव्हती. माहे बाबा, याकोब त्याईचं नाव, ते ख्रिस्ती घरातच जन्मले. मंग खापरखेड्याले बिजलीघरात लागले, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, अन् आमी दोघं लेकरं, मी रूथ अन् माह्याहून लहान शमुवेल, घरात शमू, आमी तठच्या क्वार्टरातच वाढलो. तठी दोरीवर पांढरं कापड टाकलं का संध्याकाळी करडं होऊन येत होतं. माय रोज बिजलीघराच्या चिमणीले शिव्या देत होती, बाबा म्हणे अवं तिच्याच भरोशावर जेवून राहिलो ना आपण, तिले काहून बोलतं.

आता तुमाले आमच्या चर्चचं माहीत नसन तं सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन राहते. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा देतात, द्राक्षरसाचा लहानसा प्याला देतात, अन् देण्याच्या आधी म्हणतात का ज्याचं आपल्या भावाशी वाकडं असन त्यानं आधी समेट करावा अन् मंग यावं. सगळे आयकतात. आयकतात अन् उठून घ्याले जातात. माह्या बाबाले ते खरंच वाटत होतं, काय सांगू तुमाले, अशा खरं वाटणाऱ्या माणसाच्या घरात जन्म काढणं काही सोपं नाई.

आमच्या बाजूच्या क्वार्टरात वानखेडेकाका राहत, हिंदू माणूस, बाबाच्याच पाळीत कामाले. एकदा नळाच्या पाण्यावरून दोघाईचं वाजलं. आता नळावरचं भांडण ते, नळ गेला का भांडण बी जाते. पण दुसऱ्या दिवशी नागपूरच्या चर्चमध्ये पाळकसाहेबानं ते वाक्य म्हणलं अन् बाबा उठून बाहेर गेले. मायले वाटलं लघवीले गेले असन. ते गेले थेट बस पकडून खापरखेड्याले. वानखेडेकाका दाढी करत बसले होते, बाबानं हात जोडले, म्हणलं भाऊ, कालचं माफ कर. काका म्हणे कालचं काय बाप्पा? त्याईच्या ध्यानातच नव्हतं. मंग त्याईनं चहा पाजला अन् बाबा वापस बसमध्ये बसून नागपूरले. तवरिक चर्च सुटलं, दाराले कुलूप लागलं, अन् आमी तिघं पायऱ्याइवर उपाशी. माय पार तापली होती. बाबाले म्हणे, मिळालं का मंग प्रभुभोजन? बाबा म्हणे पुढच्या महिन्यात घेईन, आता काही घाई नाई. तवापासून आमी पहिल्या रविवारी निघालो का वानखेडेकाका दारातून विचारत, याकोब, आज माह्याशी भांडण नाई ना गा, आत्ताच सांग, नाईतर येशीन अर्ध्यातून पळत.

अन् तवापासून बाबानं आदल्या शनिवारची रीत लावली. जेवाले बसलो का आधी प्रार्थना, मंग पहिला घास घेण्याच्या आधी सगळ्याइकडे पाहून विचारत, कोणाशी अबोला हाये का? असन तं सांगाचं. सांगितलं का म्हणत, जा, बोलून ये, भात ठेवतो झाकून. बस, एवढंच. कधी हात नाई उचलला, कधी वचनं पाठ करून नाई घेतली. एकदा शमूनं माही नवी रिबन पतंगाच्या शेपटीले बांधली अन् पतंग गेली कटून. मी त्याच्याशी बोलणं सोडलं, शनिवारी विचारलं तं दोघंई खाली मान घालून गप्प. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळे उठले अन् बाबा बसून राहिले. आमी लेकरं, आमाले तं ते मिळतच नव्हतं, घेणारे बाबा, पण भांडण आमचं अन् उपाशी ते. लोकं वळून वळून पाहत, याकोबनं काय केलं असन म्हणून. बाबा हात जोडून समोर पाहत बसलेले. वापस येताना बसमध्ये शमू माह्या मांडीवर डोकं टेकून रडला अन् मी बी रडली. मले कधीकधी वाटते त्याईनं दोन थापडा मारल्या असत्या तं बरं झालं असतं, थापड विसरून जाते माणूस.

मंग माहं लग्न झालं, नवरा चांगला होता पण लवकर गेला, एक पोरगी झाली ती आता पुण्याले राहते. मी पोरीईच्या होस्टेलात सैपाकाले लागली, जलमभर पोळ्या लाटल्या, हे पाहा मनगट, आता गिलास बी दोन हातानं धरते. बाबा रिटायर झाले, माय वारली, मंग मी बाबाले माह्याजवळ नागपूरले आणलं, दोन खोल्या हायेत, होऊन जाते. शमू इलेक्ट्रिकचं काम शिकला, हुडकेश्वरले घर बांधलं, बायको चांगली, एक पोट्टा. सगळं ठीक होतं.

त्या पोट्ट्याले ताप आला. उतरूनच नाई राहिला, डॉक्टराईनं हात टेकले, तवा शेजारच्या कोणीतरी शमूले हुडकेश्वरच्याच एका नवीन ख्रिस्ती मंडळीत नेलं. हॉलमध्ये भरते ती, तठी रातदिवस प्रार्थना केली त्या लोकाईनं, अन् पोट्टा उठला. आता औषधानं उठला का प्रार्थनेनं, मी कोण सांगणारी, बापाचं मन हाये, तो त्याईचाच झाला. त्या लोकाईत लहानपणचा बाप्तिस्मा चालत नाई, मोठेपणी पाण्यात पूर्ण बुडून घ्यावा लागते. शमूनं घेतला. घेऊ दे ना, मी काही म्हणलं नाई. पण एक दिवस घरी आला अन् बाबाले म्हणे बाबा, तुमी बी पाण्यात उतरा, डोक्यावर चार थेंब टाकले तो काही बाप्तिस्मा नाई होत. बाबा हसले. मी कणीक मळून राहिली होती, मी म्हणलं मंग मायचं काय रे? ती तं त्या चार थेंबावरच गेली. शमू खाली पाहून म्हणे, ते देवाले माहीत ताई.

काय सांगू तुमाले, माह्या अंगाले आगच लागली. जिनं त्याले दूध पाजलं तिले हा स्वर्गाच्या दाराबाहेर उभी करून राहिला. मी म्हणलं ऊठ, निघ अठून, हे वाक्य गिळल्याशिवाय ह्या दारात पाय ठेवू नको. तो म्हणे जे मले खरं वाटते ते मी कसं गिळू. अन् गेला. पाहा आता, दोघंई याकोबचेच लेकरं, दोघाईले बी आपलं आपलं खरंच वाटे.

पाच-सहा वर्षं झाले असन त्याले. मी होस्टेलात गेली का दुपारी तो बाबाजवळ येत होता. मले माहीत होतं, कप धुऊन पालथा ठेवलेला राहे, बाबाले कुठी कप धुता येते. मी कधी विचारलं नाई, पाह्यलंच नाई असं केलं. साखर मात्र डब्यात जास्त टाकून ठेवत होती. मंग मी बी रिटायर झाली, दिवसभर घरी, तं त्याचं येणं बंदच झालं. मी घरात बसली अन् बाबाचा पोरगा तुटला, असं झालं ते.

अन् बाबानं प्रभुभोजन घेणं सोडलं. त्याच महिन्यापासून. आधी चर्चमध्ये बसून राहत, पाय गेले तवा पाळकसाहेब घरी यायले लागले, लहान डबीत भाकर अन् बाटलीत रस घेऊन. बाबा मान हलवत, आज नाई साहेब. पाळकसाहेब म्हणे काका, तुमचं वय झालं, देव समजून घेते. बाबा म्हणे माह्या घरात अबोला हाये. मी बाजूले उभी. मी तं घेतच होती दर महिन्याले, माहं काय चुकलं, मायसाठी बोलली मी. एकदा चिडून म्हणलं बाबा, भांडण आमचं, आता आमी म्हातारे झालो, तुमी काहून उपाशी राहता? बाबा म्हणे, एका ताटात जेवाले तुमाले मीच बसवलं होतं ना वं. दुसरं काही नाई बोलले. मले म्हणले नाई जा म्हणून, शमूले म्हणले नाई ये म्हणून. आमाले दोघाईले फक्त ठाऊक होतं का हुडकेश्वर अन् ह्या खोलीच्या मधात एक म्हातारा माणूस उपाशी बसला हाये.

आता ह्या उन्हाळ्यापासून बाबाची आठवण गेली. आधी दिवस विसरले, मंग घर, मले कधी माय समजतात, कधी नर्स. रात्री उठवणं, पुसणं, चादर बदलणं, सगळं माह्याकडेच, पुण्याची पोरगी म्हणते बाई ठेव, पण बाबा परक्या हाताले घाबरतात. थकली मी. खोटं कायले बोलू.

मागच्याच्या मागच्या महिन्यात पाळकसाहेब आले. मी चहा मांडला, मले वाटलं बाबा नेहमीसारखं नाई म्हणतीन अन् चहा पिऊन जातीन साहेब. त्याईनं तुकडा समोर धरला अन् बाबानं लेकरावानी तोंड उघडलं. खाल्लं. अन् म्हणे, अजून दे. पाळकसाहेबाले कुठी पाहावं ते कळून नाई राहिलं, त्याईचे डोळे भरले, त्याईले वाटलं म्हाताऱ्याचं मन मोकळं झालं. मले समजलं काय झालं ते. इतके वर्षं बाबा आमच्यासाठी थांबले होते अन् आता थांबणं बी विसरले. पाळकसाहेबानं माह्यासमोर तुकडा धरला. मी दर महिन्याले घेतलेला तो तुकडा, पण त्या दिवशी माहा हात वरच नाई आला. मी म्हणलं साहेब, माहा माह्या भावाशी अबोला हाये. आयुष्यात पहिल्यांदा मी ते माह्या तोंडानं म्हणलं.

बाबाले शेजारणीजवळ बसवलं अन् तशीच हुडकेश्वरले गेली, एक ऑटो, मंग दुसरा ऑटो, ऊन असं का डांबर चपलीले चिकटे. शमूनंच दार उघडलं. केस पार पांढरे झालेले. मले पाहून त्याचं तोंड उतरलं, म्हणे बाबा गेले का? मी म्हणलं नाई, बाबा हायेत. पण आज बाबानं घेतलं. दुसरं काही सांगाची गरजच नाई पडली. तो तठीच उंबरठ्यावर बसला, म्हणे म्हणजे बाबा आपल्याले विसरले. मी बी बसली त्याच्या बाजूले, त्या घरात मी इतक्या वर्षाइनं आली होती अन् दोघं दारातच बसून. तो म्हणे, ताई, बाप्तिस्म्याचं मी जे मानतो ते मानतो, ते मी तुह्यासाठी खोटं नाई म्हणणार. पण मायबद्दल मी बोलाले नको होतं, ती माही बी माय होती. मी म्हणलं मी बी तुले बाबाच्या दारातून काढाले नको होतं, ते दार माहं एकटीचं नव्हतं. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं, अन् ती आत जाऊन रडली.

आता तो एक दिवसाआड येते, बाबाले आंघोळ घालते, माह्यानं उचलणं होत नाई. बाथरूममध्ये खुर्चीवर बसवते अन् बादलीतून तांब्यानं पाणी टाकते, बाबा ओरडतात, हसतात. एक दिवस मी म्हणलं, घे, उतरवलं ना शेवटी पाण्यात. तो तांब्या धरून जे हसला, लहानपणचा शमू दिसला मले.

ह्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब आले तवा शमू घरीच होता. त्याच्या मंडळीले आमच्या चर्चचं प्रभुभोजन चालत नाई, म्हणून त्यानं घेतलं नाई, मी बी म्हणलं नाई घे म्हणून. मी घेतलं. बाबाले दिलं तवा शमूनं त्याईच्या हनुवटीखाली तळहात धरला, आता खाताना सगळं सांडते ना त्याईचं. पाळकसाहेब गेले. शमू तसाच उभा, तळहातावर भाकरीचा चुरा. खाली टाकता येईना, पुसता येईना. मंग त्यानं हळूच तो हात तोंडाजवळ नेला. मी भिंतीकडे तोंड केलं, पाह्यलंच नाई असं केलं.

बस, एवढंच हाये माहं. बाबा आता काही विचारत नाईत, शनिवारी बी नाई. तुमी इतकं आयकून घेतलं, देव तुमचं भलं करो. घरी कोणाशी अबोला असन तं आज जाऊन बोला, अन् बसा आता, वरणभात झाला हाये, उपाशी जाऊ नका.