नुसता रस्सा

मटन सोडलेल्या मानसाले कधी सागुतीच्या जेवनाले बोलावू नका, सांगून ठेवतो! माया मामाचंच पाहा ना.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तवाची गोष्ट. डोणगावहून मामा आले, आन् त्याच दिवशी तुरीच्या वावरात मले ससा गावला. बायको घरातल्या चुलीवर शिजू देत नाही, म्हनून म्या गोठ्यामांगं तीन दगड मांडले. सश्याच्या अंगात चरबी नसते, सारी चव रश्श्यात उतरते. कांदा-खोबरं भाजलं, करडीचं तेल सढळ हातानं टाकलं, दुपारभर जाळापाशी बसलो.

जेवाले बसल्यावर पयला तुकडा मामाले वाढाले गेलो, तं मामानं ताटावर हात आडवा धरला.

"नोको बाप्पा! गळ्यात माळ हाय. मले नुसता रस्सा वाढ."

वाढला. मामानं भाकर कुस्करली, भुरके मारले.

"अजून वाढ."

वाढला.

"तळचा दे बे, वरचा पानचट हाय."

थोही देला! रश्श्याचा गंज कोरडा ठन्न झाला, आन् मले रायले सुतळीवानी तुकडे. पान्याच्या घोटासंगं गिळले, बाप्पा!

सकाळी पारावर गेलो, तं मामा साऱ्याईले सांगून राह्यले, "भाच्यानं आख्खा ससा एकट्यानं खाल्ला. म्या एका तुकड्याले हात लावला असन, तं इचारा त्याले!"

"काऊन बे हावरटा, पाहुन्याले तुकडाबी नाही देला?" सारे मलेच म्हनाले लागले.

आन् भांडू तं कसा? मामाचं एक अक्षर खोटं नव्हतं!