मागून येणारा आवाज

(येडगावचं शिवार, दिवेलागणीआधी. उसाच्या मधोमध एक खोपी.)

शांतवन : दार उघडा मावशी. आमी हाओत, शांतवन आन् मार्था. सावळेरामभाऊंचा फोन आला म्हणून पळत आलो.

साळुबाई : कुत्रं नेलं रं बिबट्यानं! माज्या म्होरनं उचलून उसात नेलं. लगीच सावळ्याला फोन लावला म्या. कुठवर आलाय माजा ल्योक?

शांतवन : कांद्याची गाडी घिऊन मंचरला गेलाय भाऊ. ट्रॅफिकमधी अडकलाय. अंधार पडायच्या आत निघू.

साळुबाई : इथंच ऱ्हाऊ की, त्यो येस्तवर.

शांतवन : खोपी वरनं निम्मी उघडी हाय मावशी.

मार्था : अहो, जरा इकडं या. मावशी कमरेत वाकलेल्या आहेत. वाकलेलं माणूस बिबट्याला शेळीच वाटतं. खुरपणाऱ्या बायांवर उगीच झडप घालतो का तो?

शांतवन : म्हणून तर पाठुंगळी घेतो त्यास्नी.

मार्था : म्हणजे तुम्हीही वाकणार. आणि तो मागूनच येतो. मला खूप भीती वाटतेय हो. आणि राग येतोय, खरं सांगते. ज्यानं रविवारच्या प्रार्थनेत आपली ढोलकी अंगणात फेकली, 'गाणं बंद करा' म्हणून बजावलं, त्याच्या आईसाठी तुम्ही जीव धोक्यात घालायचा? घरी पोरं वाट बघतायत.

शांतवन : मला बी भ्या वाटतंय. पर फोनवर त्यो रडत व्हता गं. 'तुमीच जवळ हाय' म्हनला. न्हाई कसं म्हनू? येशू बी भ्यालाच व्हता की त्या बागंत, क्रुसावर जायच्या आदल्या राती. घाम फुटला व्हता त्याला. तरी गेला.

मार्था : ...काठी द्या इकडं. मी मागं चालते.

शांतवन : तू म्होरं हो.

मार्था : पुढं राहून काय राखू मी? मागं ताठ चालणारं कुणीतरी पाहिजे. मोबाईलवर गाणी लावा मोठ्यानं, सगळे लावतात तशी, म्हणजे तो लांब राहील.

शांतवन : मोबाईल घरीच ऱ्हायला, चार्जिंगला.

साळुबाई : माजा हाय गळ्यात. पर त्यात गाणी न्हाईत, नुसतं बोलाया येतं.

शांतवन : मंग तोंडानंच आवाज कराया पायजे. मार्था, गा.

मार्था : इथं? सावळेरामभाऊंच्या उसात?

साळुबाई : गा पोरी. दर आयतवारी मी पडवीत बसून तुमचं ऐकायची. बंद झालं तवापास्नं आयतवार सुना जातोय मला. सावळ्याला म्हनले न्हाई कंदी. त्याला मी बी भिते.

मार्था : घ्या मावशींना पाठीवर, निघू. 'पुढं तू, मागं तू, मेंढपाळा...'

शांतवन : थांबू नकोस. मला मागं बघता येत न्हाई. गाणं ऐकू येतंय तवर तू हायस, एवढंच कळतंय मला.

साळुबाई : मी बघू का वळून?

शांतवन : हालू नका मावशी, तोल जाईल.

मार्था : 'पुढं तू, मागं तू...'

साळुबाई : ऊस वाजला रं.

शांतवन : वारं असंल.

साळुबाई : वारं कुठं हाय? पान हालंना.

शांतवन : मार्था? ...मार्था! गा की गं!

मार्था : आहे. आहे मी. बांधावर बसलाय तो. आपल्याकडंच बघतोय. पळू नका, चालत राहा. 'मागं तू, मेंढपाळा...'

साळुबाई : देवा, देवा...

शांतवन : वस्तीची लाइट दिसाया लागली. थोडंच ऱ्हायलं. गा, मार्था.

साळुबाई : फोन वाजतोय. सावळ्याच हाय. ...व्हय बाळा, हाय जिती. शांतवनच्या पाठीवर हाय. ...मार्था मागं हाय. तिच्या मागं जनावर हाय. ...व्हय, तीच गातीया.

शांतवन : काय म्हनतोय?

साळुबाई : काय बी न्हाई. नुसता ऐकतोय.

मार्था : बंद करायला सांगतायत का?

साळुबाई : थांब... न्हाई गं पोरी. आनखी जोरात म्हन म्हनतोय.